चौथ्या मजल्यावरचा उमेदवार

— तेच तर सांगतेय साहेब, राहतो, इथंच राहतो, लिहा तुम्ही. पण बसून लिहा. चार जिने चढून आलात, अशा धापेत काढलेलं अक्षर उद्या तुमच्या वरच्या साहेबांना लागायचं नाही आणि आमच्या उमेदवाराचा अर्ज जायचा केराच्या टोपलीत. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय रुसलाय — इकडे पलंगावर बसा. निवडणुकीच्या ऑफिसातून आलात ना? गळ्यातलं कार्ड आत्ता दिसलं, पण मी तुम्ही दुसऱ्या मजल्यावर होतात तेव्हाच ओळखलं. विम्याचा माणूस जिना पळत चढतो, नातेवाईक कुरकुरत चढतो, आणि सरकारी माणूस प्रत्येक दारावरची पाटी वाचत चढतो. नाही, चौकशी म्हणून नाही हो, आपलं कान असतो माझा जिन्याकडे. तर मुद्द्याचं सांगते. रविवारी त्याची शिक्षा संपते. संपली की तो पिशवी उचलणार आणि निघून जाणार. म्हणून तर त्याला निवडणुकीला उभं केलं — मी म्हणजे आम्ही, सगळ्या इमारतीनं. उमेदवार म्हटला की निकालापर्यंत हलता येत नाही, आणि निवडून आला तर पाच वर्षं. सगळं तुमच्या त्या कागदावर आहे. तुम्ही 'राहतो' लिहिलंत की राहिला.

शिक्षा कसली? चोरीची. — नाही, ते लिहू नका! पेन खाली ठेवा बघू आधी. माझं हे असं होतं, एकाचं सांगताना दुसऱ्याचं निघतं. आता निघालंच आहे तर नीट ऐका, अर्धवट ऐकून गेलात तर त्याच्याबद्दल गैरसमज व्हायचा. तो चोरी करायला आला होता, पण भरदुपारी, पायपावरून चढून, गच्चीतून उतरला. दुपारी आमची इमारत म्हणजे घोरण्याचं दुकान. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा रेडिओ घेतला, तिसऱ्यावरच्या शिवणवालीची इस्त्री घेतली, सेक्रेटरींचे नवे बूट घेतले, सगळं पोत्यात भरलं, आणि पायपावरनं पोतं घेऊन उतरता येईना म्हणून पुन्हा वर चढून गच्चीतल्या दोरीच्या शोधात निघाला — आणि इथं, माझ्या दारात, मी. मी काय आरडाओरडा केला नाही. नुसतं विचारलं, "कोणाकडे आलात?" तो म्हणाला, "कोणाकडे नाही." म्हटलं, "असं कसं, कोणाकडे तरी आलाच असाल, कुठले तुम्ही?" त्यानं सांगितलं. म्हटलं, "घरी कोण कोण?" म्हणाला, "कोणी नाही." मग आई कधी गेली, कशानं गेली, औषध कुणाचं होतं, लग्न का झालं नाही, झालं होतं तर मोडलं का — माणूस खांद्यावर पोतं घेऊन उभा, आणि एकेका प्रश्नाला उत्तर देतोय! पळाला का नाही, असं नंतर सेक्रेटरींनी विचारलं त्याला. तर म्हणाला, "बाई विचारत होत्या ना." बघा. वळण आहे माणसाला. तोपर्यंत सगळे जागे झाले.

पोलिसांत? सेक्रेटरी तेच म्हणत होते, फोनच काढला होता त्यांनी. मी म्हटलं, थांबा. पोलिसांत दिलं की काय होतं? मास्तरांचा रेडिओ पुरावा म्हणून जातो, पुरावा म्हणून पडून राहतो, पुरावा म्हणून गंजतो. चोराला दोन वेळचं जेवण मिळतं, ते ज्याची चोरी झाली त्यालासुद्धा हल्ली वेळेवर मिळत नाही. आणि आत तो शिकणार कोणाकडून? दुसऱ्या चोरांकडून! म्हणजे सर्दी झाली म्हणून सर्दीवाल्यांच्या खोलीत नेऊन ठेवायचं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण एवढं कळतं मला. मी म्हटलं, ज्याच्या घरात चोरी केली त्याच्याच घरात त्याला बसवा. मास्तरांचा रेडिओ चोरलास ना? मग रोज संध्याकाळी मास्तरांसमोर बसायचं आणि तो रेडिओ त्यांनी कसा घेतला, बायकोनं पहिल्यांदा काय ऐकलं, कुठलं बटण तिच्या हातून तुटलं, हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं. मधे जांभई दिली तर पुन्हा पहिल्यापासून. हसताय काय, ही सक्तमजुरी आहे साहेब! आम्ही मास्तर जिन्यात दिसले की पाऊस आल्यासारखे घरात पळायचो. हा तीन आठवडे बसला. शेवटी मास्तरच म्हणाले, पुरे आता, सुटलास, आणि त्या संध्याकाळी एकटेच रेडिओ लावून बसले — लावला म्हणजे चालू नव्हता केला, नुसता पुढ्यात.

मग शिवणवालीकडे इस्त्रीच्या बदली रोज इस्त्री करायची, शिवाय तिच्या कात्र्यांना धार लावायची. सेक्रेटरींचे बूट घालून त्यांच्या बदली पाण्याच्या टाकीची तक्रार घेऊन ऑफिसात जायचं — त्याला तिथं सगळ्यांनी "उद्या या" सांगितलं, तर हा खरंच दुसऱ्या दिवशी गेला! तिसऱ्या दिवशी गेला. कोणी जातं का असं? तिथला माणूस घाबरला आणि टाकी दुरुस्त झाली. म्हणून मी म्हणते, कायद्याचं पुस्तक एकदा माझ्याकडे द्या. लाच खाणाऱ्याला आत टाकू नका, त्याच्याच खिडकीसमोर रांगेत उभं करा आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा नंबर आणा. दुधात पाणी घालणाऱ्याला वर्षभर त्याचंच दूध पाजा, चहासकट. भरधाव गाडी हाकणाऱ्याला चौकात उभं करून म्हातारी माणसं रस्त्यापलीकडे न्यायला लावा, मधेच एखाद्या आजीला आठवलं की पिशवी अलीकडेच राहिली, तर परत आणा. आणि फाशी — फाशीचं मी बोलत नाही. जे परत घेता येत नाही ते देऊ नये, मग ती शिक्षा असो नाहीतर लग्नातलं भांडं.

हो हो, निवडणुकीवरच येतेय, ते तुमचं खातं. पण दोन्ही एकच आहे ना! तुम्ही लोक चूक कुठे करता सांगू? निवडून आलेल्याला हार घालता. त्याला शिक्षा झाली असं समजा की! पाच वर्षं, ह्याच वॉर्डात, मधे रजा नाही, चांगल्या वागणुकीबद्दल सूट नाही. भेटायला नातेवाईक महिन्यातून एकदा. मग बघा किती जण उभे राहतात. आणि ती बोटाची शाई! आमच्या बोटाला का? चूक आम्ही करतो म्हणून खूण? निवडून आलेल्याच्या नाकाला लावा, पाच वर्षं टिकेल अशी, म्हणजे कुठे लग्नात जेवताना दिसला तर ओळखता येईल. आणि भाषणं बंद. अगदीच करायचं असेल तर दोन भरलेल्या बादल्या हातात घ्यायच्या आणि तळापासून इथपर्यंत चढता चढता करायचं, दम टिकेल तेवढं भाषण. मागच्या वेळचे ते, मोठ्या फोटोवाले, पहिल्या जिन्याला हात लावून वर बघून नमस्कार करून गेले. आजवर निवडून आलेला एक माणूस आमच्या चौथ्या मजल्यावर पोचलेला नाही. हा पोचला! पायपावरून पोचला, पण पोचला ना? कुठलं कुलूप नुसतं दिसायला आहे, कुठला नळ रात्रभर रडतो, कोणाच्या घरात औषधाची बाटली रिकामी झालीय — हे सगळं त्याला पाठ. सभा घेतली आम्ही गच्चीवर. मी विचारलं, घराची किल्ली कोणाकडे ठेवून गावाला जाल? ज्याचं नाव घ्याल त्याला मत द्या.  मग मास्तर म्हणाले, पाहुण्याकडे. पाहुणा म्हणतो आम्ही त्याला, चोर म्हणणं बरं दिसत नाही. सेक्रेटरी म्हणाले, त्याला किल्ली लागते कुठे? हसले सगळे. पण हात वर केले, सेक्रेटरींनीसुद्धा.

आता तुम्ही म्हणाल, चोर तो चोरच, हा सगळं धुऊन नेऊन एक दिवस पसार व्हायचा. झाला असता तर केव्हाच झाला असता. वरच्या खोलीत झोपतो तो, टाकीशेजारच्या — ती माझीच आहे, माझ्या घराबरोबरची, भाडं-बिडं काही नाही, शिक्षेत धरलंय ते. सकाळी खाली उतरताना विचारतो, "काही आणायचंय का?" मी नाही म्हणते, आणि मग तो पहिल्या मजल्यावर पोचला की ओरडून सांगते काय आणायचं ते. म्हणजे तो पुन्हा वर येतो. तेवढंच बोलणं होतं. हे गेल्यापासून ह्या घरात आवाज म्हणजे कुकरचा आणि माझा. लोकांना वाटतं बाई फार बोलते. अहो, कोणी उत्तर देत नाही म्हणून दोघांचं मलाच बोलावं लागतं, जास्त होणारच!

रविवारीच का? कारण माझी कात्री. सगळ्यांच्या शिक्षा संपल्या, आता एकट्या माझ्या कात्रीची चालू आहे, आणि सेक्रेटरी म्हणतात एका कात्रीला इतके महिने हे जगातल्या कुठल्या कायद्यात बसत नाही, रविवारी सभा घेऊन सुटका जाहीर करणार. त्यांचे बूट मिळाले ना, त्यांना काय! पोतं उलटं केलं होतं तेव्हा ज्यानं त्यानं आपापलं उचललं. माझं काही निघेना. सगळ्या इमारतीत चोरी होते आणि माझ्याच घरातलं काही नेण्यासारखं नाही? तर मी म्हटलं, माझी कात्री दिसत नाही ती. तो म्हणाला, "मी कात्री घेतली नाही." मी म्हटलं, "मग वाटेत पडली असेल तुझ्याकडून." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "असेल." झालं. त्याची शिक्षा म्हणून रोज संध्याकाळी इथं बसून माझं ऐकायचं. दिवसभरात कोण कुठे गेलं, कोणाकडे कोण आलं. मास्तरांच्या रेडिओपेक्षा कठीण असं शिवणवाली म्हणते, म्हणू दे. कात्री कसली जातेय हो कुठे, गादीखालीच तर आहे — जरा सरकून बसा, टोचेल तुम्हाला. डावीकडे. हां.

असे बघू नका. तुम्ही माणसांची नावं लिहिता, मी एका माणसासाठी एक कात्री हरवली, एवढंच. ठेवली होती ती परवा बघायला काढली, म्हटलं गंजली तर उगाच पंचाईत. तर बोटच कापलं! हे बघा, अजून खूण आहे. पूर्वी सुतळी धड कापायची नाही आणि आता केस उभा चिरेल. म्हटलं गादीखाली ठेवून ठेवून धार चढली की काय — लोखंड आहे, काय सांगावं, उबेनं —

धार.

गादी उन्हात टाकायला तोच घेऊन जातो. गच्चीवर. दर —

नाही, काही नाही. थांबा जरा. पाणी... नको, तुम्हाला नाही, मलाच.

बोला ना तुम्ही तरी! मघापासून तोंड उघडताय आणि मिटताय. — काय? उमेदवारीचं काम तुमच्याकडे नाही? मग एवढा वेळ बोलला का नाहीत! — बरं, बोलू दिलं नाही. मग त्याचा अर्ज कोणाकडे आहे? — भरलाच नाही? अहो मी स्वतः पाठवला त्याला, धुतलेला सदरा घालून, रांगेत कोणाच्या पुढे घुसू नकोस म्हणून बजावून. — खिडकीवरच्या बाईंनी काय सांगितलं? — आधी मतदार असावं लागतं. बरोबर आहे, नियमच आहे तसा. मग तसाच परत आला आणि मला काही बोलला नाही. भिडस्त आहे. वाईट वाटलं असेल त्याला. — नाही वाटलं? हसला? तो हसत नाही हो कधी. — बरं, हसला. मग?

मतदार यादीत नाव घालायचा अर्ज त्यानं त्याआधीच दिलेला होता. त्याचीच चौकशी करायला तुम्ही आलात.

कुठल्या पत्त्यावर? — नाही, ऐकू आलं मला, तुम्ही पुन्हा एकदा सांगा. — ह्याच. कायमचा म्हणून. आणि केव्हा दिला? — ह्या आठवड्यात नाही? — मागच्या महिन्यात. म्हणजे रविवारचं काहीच ठरलं नव्हतं तेव्हा.

लिहा. राहतो, लिहा. अक्षर चांगलं काढा. सही मी करते, कुठे करायची ते बोट ठेवून दाखवा, चष्मा आत राहिलाय — चष्म्याचंच आहे, दुसरं काही नाही. झाली? मग उठा आता. चहा कसला, सरकारी माणसानं कामावर असताना चहा घेऊ नये. खाली नळाशी तो बसलेला दिसेल, त्याला म्हणावं — नको. काही म्हणू नका. सरळ जा. अहो, जा म्हणते ना. मला जरा गप्प बसू दे.