पाण्यात कापड चालत नाही

आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीच्या बसस्टॉपवर साधनाच्या मागे दोन वसईकर बहिणी उभ्या होत्या. मागे वळून बघणं तिला बरं वाटेना, पण कान थोडेच झाकता येतात?

"लिनेट, भर उन्हाळ्यात फुल बाह्या घालणारी तू, आणि जपानहून येऊन स्लीव्हलेस? कोडाचे डाग दिसतायत की!"

"ऐक तर, करेन. डोंगरातलं गाव, गरम झऱ्यावरचं लाकडी गेस्टहाऊस, एका रात्रीचा मुक्काम. मी इथून खास घेतलेला स्विमसूट घालून आंघोळीला गेले. मनगटापासून घोट्यापर्यंत पॅक."

"शहाणी!"

"मालकीणबाईनं दारातच अडवलं. पाण्यात कापड चालत नाही म्हणे. आत सगळ्या बायका तशाच."

"जीझस! पळालीस ना?"

"लग्नापासून पळतेच आहे. नवऱ्यासमोरसुद्धा दिवा बंद. म्हटलं, आता पळणं खलास! काढलं सगळं."

"बघत असतील सगळ्या."

"एका म्हातारीनं बघितलं. मग सरकून शेजारी जागा दिली."

"बस्स?"

"बस्स. पाणी गार होईना आणि मी उठेना!"

"इथले लोक मात्र बघतात, हां."

"बघू दे की. यल्ला, चल चल, बस आली!"

साधनाच्या खांद्यावरून एक उघडा हात पुढे आला, पांढऱ्या डागांसकट, आणि बस थांबेपर्यंत वरच राहिला.