छप्पर वरचं, विमा खालच्याचा

—नाही, तिथे नाही, स्टूल तिथे ठेवू नका, तिथली फरशी अजून ओली आहे, आणि तुम्ही घसरून पडलात तर त्याचा जाबही मलाच द्यावा लागेल. इकडे घ्या, कपाटापाशी. आणि चढण्याआधी पाय पुसा. हो, पाय! छप्पर गेलं म्हणून खोली रस्त्यावर आली असं नाही. अजून माणूस राहतंय इथे. वादळ होऊन तिसरा आठवडा लागला, सर्वेअर साहेब, आणि तुम्ही आज उगवताय — गळ्यात कॅमेरा, हातात फाईल, आणि चेहरा असा की जणू मीच ते पत्रे उपटून शेजाऱ्याच्या गाडीवर फेकले. एक त्याच्या गाडीवर पडला, एक पाण्याच्या टाकीला गुंडाळला गेला, बाकीचे कुठे गेले ते तुमचं तुम्ही शोधा. मी या निळ्या ताडपत्रीखाली झोपते. वारा सुटला की ती अशी फडफडते की उशाशी बसून कोणीतरी चादरी झटकतंय असं वाटतं.

आणि तुमच्या कंपनीचा तो फोन! ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ — आणि मग पिपाणी. मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले आहे, साहेब, लोकांना थांबवून ठेवणं काय असतं ते मला नका शिकवू. आम्ही माणसाला थांबवायचो ना, तर मध्येमध्ये आवाज द्यायचो — आहात ना, लावतेय, जरा धीर धरा. तुमचं यंत्र ती पिपाणी वाजवतं आणि पिपाणी संपली की फोन कापतं. शेवटी एक मुलगी आली लाइनवर. म्हणाली, मॅडम, पॉलिसी तुमच्या नावावर नाहीये, मी तुमच्याशी बोलू शकत नाही. माझ्या डोक्यावरचं छप्पर उडालं, आणि माझ्याशी कोणी बोलू शकत नाही! हसू नका. हसलाच नाहीत? मग ठीक आहे.

नाही, पॉलिसी धाकट्याच्या नावावर आहे. माझा भाऊ, खाली राहतो तो. त्यानंच तुम्हाला जिना दाखवला असेल ना, आणि स्वतः पायरीशीच थांबला असेल — थांबला ना? मला माहीत होतं. आमचा अबोला आहे. दीड वर्ष होईल. त्याची बायको येते वर कधीमधी, ‘ताई, हे म्हणालेत पंप लावलाय, बादल्या भरून घ्या’, ‘ताई, हे विचारतायत विजेचं बिल आलं का’. हे म्हणालेत आणि हे विचारतायत. त्याला स्वतःला जीभ नाही. म्हणजे मलाही आहे, पण सुरुवात त्यानं करायची, मी मोठी आहे. घर बाबांचं. खालचा मजला त्याला, वरची खोली मला, असं बाबाच बोलून गेले. कागदावर सगळं त्याच्याच नावानं, कारण तेव्हा मुलीच्या नावानं कोण काय करत होतं? मी काही म्हटलं नाही. मला खोली पुरे. ही खिडकी, हे कपाट, आणि वरती पत्रे, त्यावर पाऊस वाजला की झोप लागते मला. लागायची.

काय बघताय? हो, ती झडप. छपरावर जायचा रस्ता तोच. शिडी बाहेरून लावली तर वळचणीच्या पुढे जात नाही, पत्र्यांवर चढायचं तर माझ्या खोलीतून, कपाटावरून, त्या झडपेतून. बाबांनी केलीय ती. आता तीच तेवढी जागेवर आहे, आजूबाजूचं सगळं गेलं. ताडपत्री? ती धाकट्यानं बांधली. बाहेरून, शिडीवर उभं राहून, लांब काठीनं ढकलत ढकलत. गुडघा दुखतो त्याचा, त्याला शिडीवर चढायला डॉक्टरनं बंदी केलीय. मी खिडकीतून बघत होते. — दार? कसलं दार? नाही, मी दार उघडलं नाही. त्यानं वाजवलं नाही, मी उघडलं नाही. एवढं काय त्यात, ताडपत्री बांधून झाली ना?

अहो, चढा ना वर, मी धरते स्टूल. सावकाश. — काय सापडलं? बघू. इकडे द्या. हा हुकबोल्ट. असे बोल्ट पत्र्याला खालच्या लोखंडाशी धरून ठेवतात, हे मला कळतं, त्यासाठी तुम्ही बोटानं दाखवायची गरज नाही. गंजलाय? लोखंड आहे ते, गंजणारच! तुम्हीही दहा वर्षं पावसात उभे राहा, मग बघू तुमचा रंग. हे बघा, तुमची ही युक्ती मी ओळखून आहे. वादळानं नेलं नाही, गंजानं नेलं — असंच ना? म्हणजे विमा वादळाचा, आणि तुम्ही लिहिणार गंज. हप्ते घेताना कोणी येऊन बोल्ट बघितले होते का? हप्ते घेताना घर कसं छान असतं, आणि द्यायची वेळ आली की घराला कुष्ठरोग झालेला दिसतो तुम्हाला. लाज वाटायला पाहिजे. म्हातारी बाई एकटी दिसली की वाटतं, हिची बोळवण केली की झालं. मी खाली कोसळणारी नाही, साहेब. मी इथेच बसणार आहे, या पलंगावर, आणि तुम्ही ‘वादळ’ असं लिहिल्याशिवाय उठणार नाही.

काय म्हणालात? — नाही, परत सांगा. खाली उतरा आणि नीट सांगा. ‘देखभाल झालेली होती असं तुमच्या भावानं लिहून दिलंय.’ बरं. ‘पावसाआधी सगळे हुकबोल्ट नवे घातले’ — कोणी? पत्रेवाल्यानं. आणि? ‘बहिणीनं खोलीतून जाऊ दिलं’?

बहिणीनं खोलीतून जाऊ दिलं! मी! — असं लिहिलंय? त्यानं? स्वतःच्या हातानं? बघा, साहेब, बघा, एक्स्चेंजमध्ये बसून बसून आवाजावरून माणूस ओळखते मी, आणि हा तर कागदावरही ओळखू येतो. खोटारडा! लहानपणापासून असाच. दुधाचं भांडं सांडायचं त्यानं आणि मांजराकडे बोट दाखवायचं. आता माझ्याकडे बोट दाखवतोय. ऐका, तुम्हाला खरं हवंय ना? मी सांगते खरं. या खोलीतून कोणीही वर चढलेलं नाही. पत्रेवाला आला होता, नाही असं नाही — एकदा नाही, दोनदा आला, पावसाआधी, पान्यांची पिशवी खांद्याला लावून, ‘ताई, बोल्ट बदलायचेत, भाऊंनी पाठवलंय.’ आणि मी दोन्ही वेळा दार लावून घेतलं त्याच्या तोंडावर. दुसऱ्या वेळी तर कडीही घातली. बिचारा बाहेर उभा राहून सांगत होता की ताई, फार तर अर्धा दिवस लागेल, पावसात हाल होतील. मी म्हटलं, होऊ देत. शेजारच्या बाईनं ऐकलंय, विचारा तिला! आणि ते नवे बोल्ट — ते जिन्याखाली पडलेत अजून, खोक्यात, तेल लावलेले, एकही वापरलेला नाही. दाखवू? उतरताना बघा डाव्या हाताला. मग बदलले कोणी, देवदूतांनी?

का नाही घेतलं आत? हे बरं विचारलंत! कारण मला ठाऊक आहे त्याच्या मनात काय आहे. दीड वर्षामागे हा इथे उभा होता, जिथे तुम्ही उभे आहात तिथेच, आणि म्हणाला, ताई, हे पत्रे काढू आपण, स्लॅब टाकू, पक्कं करू, तोवर तू खाली ये. तोवर! ‘तोवर’ खाली गेलेलं माणूस परत वर येतं का? माझ्या मैत्रिणीला असंच ‘तोवर’ म्हणून मुलाकडे नेलं, ती अजून तिथेच आहे, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत, तिचं सामान खोक्यांत आहे. मी म्हटलं, मेले तरी येणार नाही. तो म्हणाला, मग भीज. मी म्हटलं, भिजेन. तेव्हापासून हा अबोला. मग पत्रेवाला कशाला आला असेल? बोल्ट घट्ट करायला? आज बोल्ट सैल करतील, उद्या एक पत्रा उचलतील, परवा म्हणतील, ताई, छप्परच राहिलं नाही, चला खाली. मी काही दुधखुळी नाही. एका बाईनं आपली खोली राखायची म्हणजे दार राखायचं, दुसरं काय आहे हातात?

म्हणून हे लिहा. लिहा की बहिणीनं जाऊ दिलं नाही. बहिणीनं कडी घातली. लिहिलंत? माझी सही हवी असेल तर करते. तो खाली उभा राहून नाकानं कांदे सोलतो ना, मोठा घरधनी — कळू दे त्यालाही की त्याच्या खोट्याला मी टेकू देणार नाही.

— लिहिलंत. मग फाईल का मिटताय? अजून भिंत बघायचीय. ती ओल बघा, कपाटामागची. त्या गादीचा फोटो घ्या. — नको? नको म्हणजे? ‘आता गरज नाही’ असं कसं? अहो, छप्पर उडालंय! वादळ झालंच ना? तुमच्या त्या पेपरात आलं होतं, झाडं पडली, खांब वाकले! — हां. देखभाल केली नाही, आणि वर खोटं लिहून दिलं. दोन्ही. म्हणजे काही कापून घेणार का? अर्धं? — सगळंच? सगळंच नाही देणार?

थांबा. बसा जरा. मी तुम्हाला बसा म्हटलं नव्हतं मघापासून, बसा आता, पलंगावर बसा, कोरडी बाजू आहे ही. तो कागद दाखवा. त्याचा. धाकट्यानं भरलेला. — मला बघायचा अधिकार नाही? साहेब, तो माझा भाऊ आहे, त्याचं अक्षर मी गिरवून घेतलंय त्याच्याकडून. द्या. माझा चष्मा... हा. हे काय? हे त्यानं मागितलंय? ‘वरच्या खोलीचं छप्पर.’ हां. ‘नवे पत्रे, पूर्वीसारखेच.’ पत्रे? स्लॅब नाही? खाली बघते — नाही, कुठेच नाही. ‘झडप आहे तशी ठेवणे.’ ‘खोलीत माझी मोठी बहीण राहते. काम चालू असताना तिला खोली सोडायला लागू नये, म्हणून दोन टप्प्यांत करणे. आधी पलंगाच्या बाजूचं.’

आधी पलंगाच्या बाजूचं.

किती वेडा आहे हा. दोन टप्प्यांत केलं तर खर्च जास्त येतो, एवढंही कळत नाही त्याला? आणि मला सांगायला काय झालं होतं? बायकोला पाठवतो, पंप लावलाय म्हणून सांगायला — हे नाही सांगता आलं? मी... मी ऐकलं असतं. नाही, नसतं ऐकलं. पण त्यानं सांगायला हवं होतं ना, सर्वेअर साहेब? तुम्हीच सांगा.

आणि ते खोटं... माझ्यासाठी लिहिलं त्यानं. मी कडी घातली हे कळलं असतं तर तुम्ही दिलं नसतं, म्हणून. म्हणजे मला बोल लागू नये म्हणून. आणि मी काय केलं आता? नाही, नका सांगू, कळलं मला.

ऐका. ते खोडा. खोडता येतं ना पेननं? एक रेघ मारायची, बाजूला सही करायची, आम्ही एक्स्चेंजमध्ये करायचो. मी चिडले होते. म्हातारं माणूस चिडलं की काहीही बोलतं. पत्रेवाला चढला होता वर. हो, चढला होता, मला आता आठवलं, मी त्याला पाणी दिलं होतं, आणि... आणि तो म्हणाला झडप छान आहे. — जिन्याखालचे बोल्ट? ते जास्तीचे. उरलेले. — सगळेच्या सगळे उरले, हो, उरतात कधीकधी! असं बघू नका माझ्याकडे. मला खोटं बोलता येत नाही, त्यात माझा काय दोष? त्याला येतं, मला नाही येत.

नाही खोडणार? रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट. बरोबर आहे. तुमचंही काम आहे. मी मघाशी काय काय बोलले तुम्हाला, ते कुष्ठरोगाचं वगैरे — ते मनावर घेऊ नका. किंवा घ्या. आता काय फरक पडतो? पैसे तो कर्ज काढून घालेल, मला माहीत आहे त्याचा स्वभाव, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलेल आणि पत्रे घालेल. ते मी होऊ देणार नाही. मी या ताडपत्रीखाली नाही राहणार, खाली जाईन, आणि त्यालाही शिडीवर चढू नाही देणार.

श्श. ऐकलंत? जिन्यावरून हाक आली. — ‘झालं का?’ म्हणतोय. तुम्हाला नाही विचारत तो. ‘ताई, झालं का?’ असं म्हणाला. ताई म्हणाला. दीड वर्षानं.

नाही, उत्तर देऊ नका. तोंड उघडू नका तुम्ही. फाईल घ्या, कॅमेरा घ्या आणि निघा. खाली तो उभा असेल, काही विचारेल, तर नुसती मान हलवायची आणि रस्त्याला लागायचं. त्याला हे कंपनीकडून कळता कामा नये. मीच सांगणार आहे. व्हा पुढे, मला जिना उतरायला वेळ लागतो.