‘सुटलं. आभारी आहे.’

नाही नाही काका, मी विम्याचा नाही, कुरियरचा नाही, आणि साखळी लावूनच बोलायचं असेल तर बोला, माझी हरकत नाही — फक्त एवढं सांगा, प्रोग्रामरांच्या फोरमवरचा ‘काजवा’ तुम्हीच ना? — बघा, भुवई उडाली. म्हणजे तुम्हीच. कसं शोधलं म्हणता? त्यात काय, माणूस नोकरी सोडतो, गाव सोडतो, टोपणनाव सोडत नाही. गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या ग्रुपवर काजवा नावाचा एक गृहस्थ रोज गुलाबावरच्या माव्याच्या किडीबद्दल प्रवचन देतो, फोटोत मागे इमारतीची पाटी, खाली वॉचमनला विचारलं तर म्हणाला, गुलाबवाले काका ना, दुसरा मजला. — थँक्यू. चपला इथेच काढतो. काकू, नुसतं पाणी चालेल. — बरं, ठेवलाच आहे तर अर्धा कप.

आता ऐका, तुमची ती प्रोग्रामिंगची भाषा, जावा. — असं तोंड करू नका, माहितीय तुम्ही सोडलंय. पण तुमचं ते फ्रेमवर्क — काकू, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा हो, आपण फक्त भिंती चढवायच्या — ते तुम्ही सोडलंत म्हणून मेलं नाही. तुमच्या पिढीनं भूत उभं केलं, आमच्या मानगुटीवर बसवलं आणि हात झटकून बागकामाला लागली. आमच्या ऑफिसात एका शाळेची प्रवेशअर्जांची साइट आहे, त्याच सांगाड्यावर. आईबाप अर्ज भरतात, ‘पाठवा’ दाबतात आणि पान कोरं. चूक झाल्याचा संदेश नाही, लाल अक्षर नाही, सर्व्हरची नोंद उघडावी तर तिथेही मौनव्रत. काही अर्ज पोचतात, काही कुठे जातात देव जाणे. मग आईबाप काय करणार? पुन्हा दाबतात. पुन्हा दाबतात. एका मुलीचा अर्ज इतक्यांदा आलाय की शाळेला वाटलं, एकाच घरातून अख्खी तुकडी येतेय!

मी काय केलं? सगळे करतात तेच. आधी सर्व्हर बंद करून चालू केला, मग चालू करून बंद केला, मग फोरमवर विचारलं. अर्ध्या तासात माझा प्रश्न कुणीतरी बंद केला — ‘हे आधी विचारून झालं आहे’ — आणि खाली दुवा. दुवा कुणाचा? तुमचा. मी पाठीला दप्तर लावून शाळेत जात होतो तेव्हाचा तुमचा प्रश्न, तोही शाळाप्रवेशाच्या अर्जांचाच, आणि शब्दन् शब्द माझा! कोरं पान, मुकी नोंद, सगळं. मला रडू यायचं बाकी होतं हो, जत्रेत हरवलेल्या पोराला मामा दिसावा तसं झालं. आणि मग खालची उत्तरं वाचली. एक म्हणतो, ‘आधी शोधा, मग विचारा’ — अरे शोधून थकला म्हणूनच आलाय ना बिचारा? दुसरा म्हणतो, ‘माहितीपुस्तिका वाचा’. तिसरा म्हणतो, ‘हा सांगाडा कसला वापरता, आमचा वापरा’ — म्हणजे नळ गळतोय म्हणून प्लंबर बोलवावा आणि त्यानं सांगावं, घर बदला. चौथे एक वडीलधारे, नावापुढे चांदणी-बिंदणी, ते म्हणतात, ‘माझ्याकडे व्यवस्थित चालतंय’. चालतंय तर नाच ना म्हाताऱ्या, इथे कशाला आलास? मग दोघंजण कोडमधला कंस त्याच ओळीत उघडायचा की खालच्या, यावरून एकमेकांच्या खानदानावर घसरले, तुमचा प्रश्न राहिला बाजूला. मध्येमध्ये कुणी एखादा दीनवाणा, ‘मलाही हेच होतंय, कुणाला जमलं का?’ — आणि सगळ्यात शेवटी तुम्ही. तीन शब्द. ‘सुटलं. आभारी आहे.’ आणि खाली कुलूप, चर्चा समाप्त.

अहो, सुटलं ते कसं सुटलं? बोटं झिजली असती का एक ओळ जास्त लिहिली असती तर? वाळवंटात विहीर सापडली, पोटभर पाणी प्यायलात आणि पाटीवर काय लिहून गेलात — ‘पाणी गोड आहे’. विहीर कुठंय ते नाही! तुमची सगळी पिढीच अशी. आमचे वडीलही असेच, ‘आम्ही किती कष्टानं केलं’ हे रोज सांगतील, काय केलं ते विचारा, गप्प. मी कॉलेज सोडलं तर त्यांनी नातेवाइकांत सांगून टाकलंय, मुलगा प्रकल्पासाठी बाहेर असतो. प्रकल्प! ही नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर आहे काका, पदवी नाही म्हणून. आज दुपारी मुख्याध्यापिकाबाई स्वतः येणार आहेत साइट बघायला, बाईंनी मान डोलावली तर मी कायम, नाहीतर उद्या घरी, वडिलांच्या समोरच्या खुर्चीत, परीक्षेचा अर्ज भरत. म्हणून आलो. नाहीतर मला काय हौस आहे कुणाच्या दारात उभं राहायची — साहेबांना तर सकाळीच सांगितलंय सुटलं म्हणून — म्हणजे, सुटत आलंय असं. तेच ते. शब्दांत नका अडकू.

तर सांगा. कसं सोडवलंत?

काय? — जरा मोठ्यानं. — सुटलंच नव्हतं?

थांबा, थांबा. मग लिहिलंत का तसं? — साहेब फोरम वाचायचे? तुमचे साहेब त्या धाग्यावर होते? — चांदणीवाले? ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणणारे ते तुमचे साहेब? — वा! घरचाच आहेर. म्हणजे सगळ्या ऑफिसदेखत अब्रू जायला लागली म्हणून ‘सुटलं’ लिहून कुलूप घातलंत. आणि मग साइट? ती कशी चालली? — बोला ना काका, काकूंकडे काय बघताय, त्यांना जावा येत नाही.

एक पान केलंत. कसलं पान? — ‘आपला अर्ज मिळाला, आभारी आहोत.’ — आणि ते कधी दाखवायचं? — नेहमीच? अर्ज पोचो न पोचो? — पोचला तरी आभार आणि मध्येच मेला तरी आभार! — आणि तक्रारी बंद झाल्या म्हणता. होणारच की! — बढतीपण झाली? आणि नव्या पोरांना शिकवायला पाठवलं, ह्याच सांगाड्यावर, तज्ज्ञ म्हणून? काकू, चहा न्या परत, घशाखाली नाही उतरायचा. अहो, लाज कशी वाटली नाही तुम्हाला? कोरं पान बघून माणूस निदान पुन्हा पाठवतो, फोन करतो, शिव्या घालतो. तुमचं ते आभाराचं पान बघून तो निर्धास्त झोपला असेल, पोराला नवे बूट घेऊन आला असेल, आणि यादीत पोराचं नावच नाही! त्यांचं काय झालं पुढे? — माहीत नाही. अर्थात. तुम्हाला कसं माहीत असेल, तुम्ही गुलाबांवर फवारणी करत होतात. वरून आम्हाला म्हणता, आजच्या पोरांना जबाबदारी नाही —

वाजू दे फोन. साहेबांचाच आहे. बाई आल्या असतील लवकर.

...वाजतोच आहे.

काका, ते आभाराचं पान — मी करणार नाहीये, नुसतं विचारतोय — ते तुम्ही फिल्टरमध्ये टाकलं होतं का? म्हणजे दारातच, येणारं सगळं तिथे अडवून? — हं. मलाही तेच वाटलं होतं. — नाही हो, म्हटलं ना नाही करणार. केलं तरी आजच्या दुपारपुरतं. बाई गेल्या की काढून टाकायचं आणि मग शांतपणे खरं कारण शोधायचं. — तुम्हीही असंच ठरवलं होतंत? ठरवलं असेल. तुमची गोष्ट वेगळी. मी तुमच्यासारखा नाही.

कोडच्या ओळी किती लागल्या हो? — एवढ्याच?

थांबा, उचलतो. तुम्ही मध्ये बोलू नका. — हॅलो. हो साहेब. — नाही नाही, ट्रॅफिकमध्ये आहे. — हो, बाईंना चहा द्या, मी पोचतोच. — अगदी, शंभर टक्के.

हं. बघत काय बसलात? सांगा. पहिली ओळ.