परत केलेला मलिदा

मंडळी, जरा सावरून बसा आणि मला सांगा. ज्या घरचं खाऊन आपण वाढलो, त्या घराला परकं म्हणावं का? नाही म्हणता? अहो, मान हलवायला काय जातंय! आधी ऐका.

अलिबागेकडच्या एका गावात आपल्या चर्चचे पंच होते, शामुवेलराव. भला माणूस, पण कडक! शेजारी मिल्काबाई थळकर – बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहूदी. विधवा बाई. चाळीस वर्षांचा शेजार. आता त्या मुलाकडे इस्राएलला निघाल्या होत्या, कायमच्या. सोमवारी जायचं, म्हणून शुक्रवारी त्यांनी एलिया संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना करून मलिदा केला. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची! पहिलं ताट शामुवेलरावांकडे.

एरवी ते ताट पंचांची बायको घ्यायची आणि पंचांना न सांगता फस्त करायची. त्या दिवशी दार नेमकं पंचांनी उघडलं! म्हणाले, वाहिलेलं अन्न आम्हाला चालत नाही, बायबलात प्रेषित पौलाने बजावलंय. भरलं ताट परत! अहो पंच, पौल तरी कोण होता? यहूदीच ना? आणि तुमचं नाव शामुवेल, ते कुणाकडून आणलंत?

रविवारी चर्चमध्ये पंचांनीच धडा वाचायचा होता. धडा कोणता? दुष्काळात एका विधवेने शेवटच्या पिठाची भाकर करून एलियाला घातली, तो! विधवा... एलिया... अन्न... शामुवेलराव थांबले. पुस्तक मिटलं आणि तडक मिल्काबाईंच्या दारात.

"चुकलो, बाय. मलिदा उरलाय का?"

मलिदा कधीच संपला होता. बाई सामान बांधत होत्या. डोळे भरले त्यांचे.

"शामुवेलभाऊ, चाळीस वर्षं ओटीवर बसून तुमच्या चर्चमधली स्तोत्रं ऐकतेय. आमच्या दाविद राजाची स्तोत्रं. आमची आहेत, परत द्या, असं कधी म्हटलं का मी?"

पंचांना रडू आवरेना. मग बाईंनी बांधलेलं गाठोडं सोडलं, तेच पितळी ताट काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. म्हणाल्या, राहू दे तुमच्याकडे.

आज त्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर त्याच ताटात ठेवतात. आणि प्रभूने ती भाकर पहिल्यांदा मोडली, ती कुठल्या पंगतीत? यहूद्यांच्या सणाच्या!

तेव्हा मंडळी, आमेन म्हणायची घाई करू नका. आधी घरी जा. आपल्या दारातून कुणाचं भरलं ताट परत गेलंय, ते आठवा. आणि ते माणूस गाव सोडून जायच्या आत त्याच्याकडे जाऊन या.