दहा वर्षांचं तूप

नाही म्हणजे नाही, बाई. जुनं तूप या दुकानात मिळत नाही. मिळायचं, आता मिळत नाही – आणि तो फोन माझ्या डोळ्यांपुढे नाचवू नका, चष्मा नाही माझ्याजवळ, आणि असता तरी वाचलं नसतं. काय लिहिलंय ते पाठ आहे मला. दहा वर्षांचं तूप म्हणजे फिट्सवर रामबाण, हेच ना? अहो, वैद्याची मुलगी आहे मी, मला तूप कोण शिकवणार? झोपताना गरम दुधात चमचाभर घेतलं की सकाळी पोट साफ, नाक कोरडं पडलं की कोमट करून दोन थेंब, शंभर वेळा पाण्यात धुतलं की लोण्यासारखं पांढरं होतं, ते भेगाळलेल्या टाचांना – सांगते की, सगळं सांगते, फुकट सांगते. आणि जुनं तूप? हो, आहे ग्रंथांत, मी कुठे नाही म्हणतेय! जितकं जुनं तितकं उग्र, झाकण काढलं की डोळ्यांतून पाणी. माझे बाबा द्यायचे आकडीच्या रोग्यांना. पण कसं द्यायचे, कशाबरोबर द्यायचे, हे आहे का तुमच्या फोनात? नाही ना? मग ठेवा तो पिशवीत.

कोणासाठी हवंय? – मुलीसाठी. किती वर्षांची? – चौदा. बरं. आणि गोळ्या? … गोळ्या चालू आहेत का तिच्या, विचारतेय मी. – कधीपासून बंद? – सोमवारपासून. म्हणजे आज चौथा दिवस. डॉक्टरला विचारलंत? – नाही. वा! शाब्बास! कोणी हो सांगितलं तुम्हाला हे? – नणंदेने. आणि नणंदेला कोणी? – काय? माझ्या दुकानात? … नाही, थांबा, बसू नका, उभ्यानेच सांगा, काय म्हणाली नणंद? – तूपवालीची बहीण गोळ्या सोडून बरी झाली. तुपाने. असं म्हणाली? बारा वर्षं झाली, आणि अजून फिरतेय ती गोष्ट गावभर! अर्धीच फिरतेय. पुढची अर्धी कोणी सांगत नाही, कारण ती मी कोणाला सांगितलीच नाही.

ऐका आता. माझी धाकटी काजं करायची – शर्टाची काजं, हाताने, शिंप्यांची रांग लागायची दारात, इतकी बारीक सुई. नवव्या वर्षी पहिली आकडी आली तिला. बाबा एवढे वैद्य, त्यांनी काय केलं? तिला उचललं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तूप द्यायचे, ब्राह्मीचं द्यायचे, जुनंही द्यायचे – पण गोळी आधी. गोळी गिळलेली स्वतः बघायचे, मग चमचा. मी एकदा हसले तर म्हणाले, "तुपावर माझा विश्वास आहे म्हणून लेकीवर प्रयोग करू का?" असा माणूस. तर बाबा गेले, दुकान माझ्याकडे आलं, धाकटीही माझ्याकडे आली. गोळ्यांनी तिला झापड यायची. "ताई, सुई दोन-दोन दिसते गं," म्हणायची. मला तिची दया आली म्हणून मी गोळ्या बंद केल्या – असं मी सगळ्यांना सांगितलं. दया होती, नव्हती असं नाही, पण – जाऊ दे, तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी! … पण काय ना, बाबा गेल्यावर गिऱ्हाईक दारावरून पुढे जायला लागलं होतं. वैद्य नाही तर त्याच्या मुलीच्या तुपाला कोण विचारतो? मला दाखवायचं होतं. बाबांना जे जमलं नाही ते मला जमलं, असं दाखवायचं होतं मला. ऐकलंत? झालं समाधान?

आणि जमलंही! दोन महिने एक आकडी नाही. सुई सरळ, चेहरा तरतरीत. मी येईल त्याला सांगायचे – तुमच्या नणंदेलाही मीच सांगितलं असणार – माझी बहीण बघा, एक गोळी नाही, फक्त तूप. बाबांच्या जुन्या तुपाच्या बरण्या महिन्यात संपल्या. मग एक दिवस मागे लोणी कढत होतं, मी धाकटीला म्हटलं, जरा ढवळ, गिऱ्हाईक आलंय. इथेच उभी होते मी, या गल्ल्यापाशी, आणि एका बाईला तेच सांगत होते – माझी बहीण आता ठणठणीत आहे हो – आणि मागे कढई पडल्याचा आवाज झाला. बाई, उकळतं तूप पाण्यासारखं ओघळून जात नाही. धरून बसतं. आणि मी मूर्ख, वैद्याची मुलगी, मी काय केलं? धुतलेलं तूप आणलं आणि थापलं तिच्या भाजलेल्या हातावर! दवाखान्यातली नर्स ओरडली माझ्यावर, नळाखाली का नाही धरला हात, थंड पाण्याखाली, आधी पाणी! हे बाबांनी मला लहानपणीच सांगितलं होतं. विसरले.

जिवंत आहे ती, घाबरू नका. वरच्या खोलीत राहते. उजव्या हाताची तीन बोटं चिकटली, ती सुटली नाहीत. सुई गेली. गोळ्या आता स्वतःच्या हाताने मोजून घेते, मला डबीला हात लावू देत नाही. बोलते माझ्याशी, सगळं बोलते – दूध आलं का, दार लाव, पंखा बंद कर. त्या दिवसाबद्दल बारा वर्षांत एक शब्द नाही. एकदा तरी शिवी दिली असती मला! एकदा तरी!

रडू नका. रडून काय होणार? मीही रडले होते. मुलीला तूप खायला घालायचंय ना, घाला, ताजं घाला, गरम भातावर घाला, चांगलंच आहे. पण आत्ता, इथून बाहेर पडल्या पडल्या डॉक्टरला फोन करा. चार दिवस बंद आहेत म्हणावं, लपवू नका, परत कशा सुरू करू विचारा, ते सांगतील तसंच द्या. ओरडतील, ओरडू दे. आणि तोवर तिला एकटी – मुलगी कुठेय आत्ता? – घरी. कोण आहे जवळ? … कोणीच नाही? काय करतेय? – चहा टाकते म्हणाली?

अहो, मग इथे काय उभ्या आहात! राहू दे ती पिशवी, राहू दे – पळा!