डाग काढलेलं आकाश

बायको : आणि चांदण्या?

फोटोग्राफर : होत्या.

बायको : होत्या म्हणजे?

फोटोग्राफर : काल रात्री आभाळात होत्या. कॅमेऱ्यात होत्या. आज सकाळी दुकान उघडलं, तेव्हा या कॉम्प्युटरवरसुद्धा होत्या. इतक्या, की मलाच शंका आली, हा फोटो आपण काढलाय की कुणा कलाकाराचा चुकून आपल्याकडे आलाय?

बायको : अहो, मी काय विचारतेय? फोटोत दीपगृह आहे, खाली खडक आहेत आणि वर नुसतं काळं. शाळेचा फळा बरा. त्यावर निदान खडूचे डाग तरी असतात.

फोटोग्राफर : डाग हा शब्द तेवढा काढू नकोस.

बायको : का?

फोटोग्राफर : तू बस आधी. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बस. आता मला सांग, इतकी वर्षं मी या दुकानात काय करतो?

बायको : पासपोर्टचे फोटो काढता.

फोटोग्राफर : पासपोर्टचे, ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे. माणूस येतो, तू बसलीस तिथं बसतो. मी म्हणतो, हनुवटी खाली, खांदे सरळ, हलू नका. खटक! मग फोटो कॉम्प्युटरवर घेतो आणि ते बटण दाबतो.

बायको : कुठलं बटण?

फोटोग्राफर : डाग काढायचं. एकदा दाबलं की तीळ, मुरूम, वांग, सगळं साफ. माझ्या फोटोतला माणूस त्याच्या घरच्यांना ओळखू येत नाही, पण तोंडावर एक ठिपका सापडायचा नाही. हात आपोआप जातो गं तिकडे. तू घरातून निघताना गॅस बंद आहे का बघतेस ना, तसा. आधी बटण दाबतो, मग बघतो फोटो कुणाचा आहे.

बायको : म्हणजे तुम्ही आभाळाचे मुरूम काढलेत?

फोटोग्राफर : एकसुद्धा शिल्लक ठेवला नाही.

बायको : देवा! बरं, मग मूळ फोटो उघडा.

फोटोग्राफर : हाच मूळ. बटण दाबलं की मी लगेच सेव्ह करतो. त्याच नावानं.

बायको : कॅमेऱ्यात तरी असेल.

फोटोग्राफर : दहा वाजता नर्सिंगच्या मुली येणार होत्या ओळखपत्राच्या फोटोंना. त्यांच्यासाठी कार्ड पुसून ठेवलं. तूच सांगितलं होतंस ना, कामाला शिस्त हवी म्हणून? आली बघ शिस्त.

बायको : माझ्यावर ढकलू नका. तीन वाजता दादा गाडी घेऊन येतोय बाबांना कायमचं त्याच्याकडे न्यायला. बाबा कधीचे बॅग भरून, बूट घालून बसलेत. लग्नापासून आजवर जावयाकडे त्यांनी एक गोष्ट मागितली नाही. ना कधी रुसले, ना मान मागितला. जाता जाता पहिल्यांदा काहीतरी मागितलं त्या माणसानं!

फोटोग्राफर : मला माहीत आहे.

बायको : काय म्हणाले होते? सगळी नोकरी मी त्या दिव्यापाशी उभं राहून बाहेर बघण्यात घालवली. आता एकदा बाहेरून बघायचंय, रात्री तिथं उभा असलेला मी दिसतो कसा. एवढंच ना?

फोटोग्राफर : एवढंच.

बायको : थांबा. बाबा कुठेत?

फोटोग्राफर : त्यांच्या खोलीवर. येतीलच इकडे.

बायको : फोटोत कुठेत? वरच्या सज्जात, कठड्याला धरून उभे राहिले होते ना? हातात टॉर्च घेऊन?

फोटोग्राफर : तू हे कधी विचारतेस त्याचीच वाट बघत होतो.

बायको : अहो!

फोटोग्राफर : हे बघ, मी होतो खाली खडकात. एवढ्या लांबून माणूस दिसणार केवढा? मोहरीएवढा. त्यात हातात पेटलेला टॉर्च. आता कॉम्प्युटरला काय कळतं?

बायको : माझे वडील डाग वाटले?

फोटोग्राफर : मला नाही. कॉम्प्युटरला.

बायको : हसू नका. मला रडू येतंय.

फोटोग्राफर : मी हसत नाहीये, माझं तोंडच असं झालंय सकाळपासून. तुला खरं सांगू? काल रात्री मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण फोटोग्राफर आहोत. सुरुवात नेहमीसारखीच झाली म्हणा. पहिल्याच फोटोला फ्लॅश उडाला. त्यात एक खेकडा आणि माझी डावी चप्पल आली. खेकडा बरा आला होता. दुसऱ्या फोटोला वाऱ्यानं कॅमेऱ्याचं तिकाटणंच हललं. मग पिशवीत वाळू भरून ती त्याला खाली टांगली. शटर अर्धं मिनिट उघडं ठेवायचं होतं. मी फोनवर बाबांना सांगत होतो, हनुवटी जरा वर, खांदे सरळ.

बायको : मोहरीएवढ्या माणसाला?

फोटोग्राफर : सवय! आणि त्यांनीही वर केली असणार हनुवटी. मग म्हटलं, आता हलू नका. तुला सांगतो, तो माणूस हलला नाही. वारा एवढा होता, की माझी टोपी समुद्रात गेली. पण वरचा तो टॉर्चचा ठिपका जागचा हलला नाही. फोटो उघडून बघितला तर वर चांदण्याच चांदण्या, खाली दिवा, आणि दिव्याखाली बाबा. मी एकटाच खडकावर नाचलो. पडलो, तो भाग वेगळा.

बायको : म्हणून रात्री मला उठवून “जमलं, जमलं” म्हणून ओरडत होतात.

फोटोग्राफर : तेव्हाच बघितला असतास तर तुझ्या तरी डोळ्यांत राहिला असता. तू म्हणालीस, सकाळी बघते, झोपा आता.

बायको : आता काय करायचं?

फोटोग्राफर : एक उपाय करून बघितलाय. ओरडणार नसशील तर दाखवतो.

बायको : दाखवा. ... हे काय आहे?

फोटोग्राफर : बाबांचा पेन्शनसाठी काढलेला फोटो होता माझ्याकडे. तो कापून सज्जात बसवला.

बायको : दिव्याच्या खोलीपेक्षा डोकं मोठं आहे!

फोटोग्राफर : लहान केलं तर ते ओळखू येईनात.

बायको : आणि टाय? बाबांनी जन्मात टाय लावला नाही.

फोटोग्राफर : तो दुकानाचा आहे. कोट-टाय सगळ्यांनाच लावतो मी.

बायको : या चांदण्या कुठून आणल्या?

फोटोग्राफर : काळ्या कापडावर मीठ टाकून फोटो काढला.

बायको : तरीच! सकाळपासून बरणी शोधतेय मी. भाजी अळणी गेली डब्यात! पुसा ते आधी. असलं काही बाबांच्या हातात द्यायचं नाही. खरं काय ते सांगायचं. तुम्ही सांगायचं.

फोटोग्राफर : तू सांग ना. तुझे वडील आहेत.

बायको : डाग म्हणून कुणी काढलं त्यांना?

(दुकानाचं काचेचं दार ढकलून सासरे आत येतात. हातात बॅग.)

सासरे : काय जावईबापू, झाला का फोटो?

बायको : या बाबा. बसा. पाणी देऊ?

सासरे : पाणी कशाला? तुझी आईसुद्धा वाईट बातमी सांगायची असली की आधी पाणी द्यायची. काय झालं?

फोटोग्राफर : बाबा, फोटो काढला होता मी. देवाशप्पथ काढला होता.

सासरे : दाखवा की मग. हा ना? हं. दिवा छान आलाय. भिंतीचे पोपडे कुठे गेले?

फोटोग्राफर : ते... तेही निघाले.

सासरे : पोपडे काढा, पोपडे काढा म्हणून वरच्या साहेबांच्या मागे लागून जिभेला फोड आले माझ्या. तुम्ही बसल्या जागी काढलात होय? आभाळ मात्र कोरं दिसतंय. काल तर गच्च भरलं होतं.

फोटोग्राफर : चूक झाली, बाबा. डाग काढायचं बटण दाबलं गेलं. सवयीनं. चांदण्या सगळ्या गेल्या.

सासरे : आणि मी?

फोटोग्राफर : तुम्ही पण.

सासरे : हं.

फोटोग्राफर : बाबा, चार शब्द सुनवा मला. गाढव म्हणा, काहीही म्हणा. ज्याला एक फोटो जपता येत नाही, त्यानं दुकान कशाला उघडावं? उद्यापासून झेरॉक्स काढतो. त्यात बिघडायला काही नसतं.

सासरे : काढाल, आणि कोरा कागद द्याल लोकांना. बसा खाली. तुमच्या दुकानावर पाटी आहे, दहा मिनिटांत फोटो. त्यात चांदण्यांचं कुठे काही लिहिलंय? मीच भलत्या दुकानात आलो.

बायको : बाबा, थट्टा नको. एवढे गुडघे दुखत असताना चढलात तुम्ही काल.

सासरे : दुखले. जिन्यात बसलो मध्ये दोनदा. आता तिथं माणूस लागत नाही, दिवा आपला आपण लागतो. खालचं कुलूप उघडायला किल्ली घेऊन आलेला तो पोरगा म्हणाला, आजोबा, जमेल का? म्हटलं, बघू. पण वर पोचलो, दार ढकललं, वारा तोंडावर आला, आणि गुडघेबिडघे विसरलो सगळं. कामावर आल्यासारखं वाटलं. मग हे फोनवर म्हणाले, आता हलू नका.

फोटोग्राफर : सवय हो, बाबा.

सासरे : नाही, बरं वाटलं ऐकून. महिनाभर जो तो म्हणतोय, बाबा आवरा, बाबा चला, हे टाका, ते कशाला नेता. हलू नका असं पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं. म्हटलं, आता नाहीच हलत.

बायको : बाबा, तुम्हाला दादाकडे जायचं नाहीये का?

सासरे : जायचं आहे की. चांगला आहे तो. त्याच्याकडे लिफ्ट आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते.

बायको : मी विचारतेय ते सांगा.

सासरे : तुम्ही भावंडांनी बसून ठरवलंत. माझ्या भल्याचंच ठरवलंत. आता विचारतेस, ते तेव्हा विचारायचं होतंस.

बायको : मला वाटलं, तुम्हालाच एकटं नको वाटत असेल.

सासरे : असू दे गं. डोळे पूस. एखादं गिऱ्हाईक आलं तर म्हणेल, फोटो एवढा वाईट येतो का इथं?

फोटोग्राफर : येतो, बाबा. त्यात खोटं काही नाही.

सासरे : जावईबापू, आज आभाळ कसं आहे?

फोटोग्राफर : स्वच्छ आहे. माझा हात न लागताच.

सासरे : आणि तो कुलूपवाला पोरगा?

फोटोग्राफर : त्याच्या पासपोर्टचा फोटो फुकट काढून दिलाय मी. नाही म्हणायचा नाही.

सासरे : मग दादाला फोन लाव गं. तो अजून निघाला नसेल. म्हणावं, आज येऊ नकोस, जावयानं फोटो घालवला.

बायको : दादा भडकेल.

सासरे : माझ्यावर नाही भडकणार. यांच्यावर भडकेल.

फोटोग्राफर : भडकू दे. दादा लग्नाच्या दिवसापासून माझ्यावर भडकलेत, त्यात आणखी थोडी भर. लाव तू फोन. आणि पुढचं... पुढचं आपण सगळे मिळून बोलू त्यांच्याशी. या वेळी बाबांना समोर बसवून. काय गं?

बायको : हो. मीच बोलेन दादाशी.

फोटोग्राफर : आणि बाबा, त्या बटणावर मी आत्ताच्या आत्ता चिकटपट्टी लावतो. कार्डाला हात लावत नाही. रात्रीचं जेवण झालं की निघू. आज फोटो येणार म्हणजे येणार, माझा शब्द आहे!

सासरे : एवढं मनावर घेऊ नका हो. आजचाही बिघडला, तरी चालेल मला.