गायन पार्टी अन् आमचे हे

अवं, तुमच्या नवऱ्यायचं राहू द्या, आमच्या यायचं ऐका. अकोल्याजवळच्या खेड्यात नणंदेच्या पोराचं बारसं होतं. मी, हे अन् माही सासू, तिघंही दमणीत बसून गेलो. जेवून निघणार, तर कळलं का चावडीपुढं अमरावतीची गायन पार्टी येऊन राहिली. यायनं जुंपलेले बैल लगेच सोडले.

गाणारी बाई होती, आवाज खणखणीत. तिनं ओळ म्हणली का हे उभे राहून म्हणत, "वन्स मोर." ते बाई हासे अन् यायच्याकडं पाहून तीच ओळ पुन्हा म्हणे. गाणं बुद्धाचं, म्हणून मले तिले नावंही ठेवता येईना. अन् घरी मी एक गोष्ट चारदा सांगतो, तवा याच माणसाच्या कानात जाते.

परतताना हे बैल हाकत होते. मी म्हणलं, "सकाळी दळण आणजा."

"काय म्हणलं?"

मी तोंड फिरवून बसली.

"अवं, काय म्हणलं?"

मागून सासू म्हणे, "असं नाई, बाप्पा. उभा राहून वन्स मोर म्हण, मंग सांगन तुही बायको."